उद्दीपक कशाला म्हणायचे आणि प्रतिसाद कशाला

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने विचारले आहे: “आम्ही तिघींनी मिळून साखळी, फोंडा आणि पेडणे भागांतल्या मराठी प्राथमिक शाळांत चौथीच्या मुलांवर स्ट्रूप (शब्द न वाचता त्याच्या शाईचा रंग सांगणे) आणि फ्लँकर (आजूबाजूच्या खुणांकडे दुर्लक्ष करून मधल्या खुणेला उत्तर देणे) हे दोन प्रयोग केले. आता नोंदी एकत्र करायला बसलो, तर एकीच्या फाइलमध्ये ‘उद्दीपक’ म्हणजे पडद्यावरचा शब्द, दुसरीच्या फाइलमध्ये शाईचा रंग, तिसरीच्या फाइलमध्ये चित्राच्या फाइलचे नाव. ‘प्रतिसाद’ या रकान्यात कुठे दाबलेले बटण आहे, कुठे बरोबर-चूक. या शब्दांच्या प्रमाण व्याख्या कुठून घ्यायच्या? आणि मराठीत कोणते शब्द वापरायचे?”

ढोबळपणे सांगायचे तर उद्दीपक (स्टिम्युलस) म्हणजे सहभागी व्यक्तीसमोर आलेली गोष्ट आणि प्रतिसाद (रिस्पॉन्स) म्हणजे तिने त्यावर केलेली कृती. तुमच्या तिघींपैकी कुणीच चुकलेले नाही. तिघींनी तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच नावाच्या रकान्यात लिहिली आहेत, एवढेच. काय दाखवले, त्यातल्या कशाकडे लक्ष द्यायचे होते, आणि ते कुठल्या फाइलमधून आले, हे ते तीन प्रश्न. कुठलाही प्रमाण शब्दकोश समोर ठेवला तरी हे प्रश्न आधी सुटे करावे लागतात, म्हणून शब्दांकडे मी शेवटी येते.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्यामागे एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन ठिकाणच्या मुलांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. दोन्ही फाइलींत ‘प्रतिसाद’ नावाचा रकाना होता आणि त्यात १ आणि ० हेच आकडे होते. पहिल्या फाइलमध्ये १ म्हणजे बरोबर उत्तर होते, दुसरीमध्ये १ म्हणजे उजवे बटण. उजवे बटण निम्म्या वेळा बरोबर असायचे, त्यामुळे दुसऱ्या शाळेच्या मुलांची अचूकता पन्नास टक्क्यांच्या आसपास दिसली. मुले नुसता अंदाज करत होती, असा त्याचा अर्थ आम्ही लावला. मग कारणे शोधत बसलो. घरची भाषा, शाळेचे माध्यम, संगणकाची सवय नसणे, सगळे काढले, आणि मसुद्यात लिहूनही टाकले. एका विद्यार्थिनीने मूळ नोंदवही उघडून “मॅडम, हे बटण आहे, उत्तर नाही” असे दाखवले तेव्हा उलगडा झाला. ती मुले उत्तम करत होती. व्याख्या ढिसाळ असली की त्याची किंमत त्या खोलीत नसलेल्या मुलाला मोजावी लागते, हे तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाही.

हा घोळ आपल्यापुरता नाही, जुनाही आहे. १९३५ साली मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी मांडले की उद्दीपक आणि प्रतिसाद या शब्दांनी आपण एकेकटी घटना सांगत नसतो, घटनांचा वर्ग सांगत असतो. प्रयोगातला उंदीर पेटीतली पट्टी दर वेळी हुबेहूब तशीच दाबत नाही, तरी आपण त्या सगळ्या दाबण्यांना एकच नाव देतो. १९६० मध्ये गिब्सन यांनी एक अख्खा लेख लिहून दाखवले की मानसशास्त्रज्ञ ‘उद्दीपक’ हा शब्द परस्परांशी न जुळणाऱ्या अर्थांनी वापरतात: कुणाला त्यात बाहेरची वस्तू अभिप्रेत असते, कुणाला डोळ्यावर पडणारा प्रकाश.

तुम्ही केलेला स्ट्रूपचा प्रयोगही त्याच १९३५ सालचा. स्ट्रूप यांच्या मूळ प्रयोगात आजच्यासारखे एकेक शब्द पडद्यावर येत नव्हते. कार्डावर दहा ओळींत दहा-दहा असे १०० शब्द छापलेले असायचे आणि अख्खे कार्ड संपवायला लागलेला वेळ मोजला जायचा. रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले, विसंगत रंगात छापलेल्या शब्दांचे रंग सांगायला ११०.३ सेकंद. तिथे वेळेचे एकक होते पूर्ण कार्ड, तुमच्याकडे ते आहे एक शब्द. नाव तेच, प्रयोग तोच म्हणतो आपण, पण ‘एका उद्दीपकाला लागलेला वेळ’ हे वाक्य दोन्हीकडे एकाच अर्थाने लिहिता येत नाही. शिवाय मूळ प्रयोगात सुसंगत शब्द, म्हणजे लाल शाईतला ‘लाल’, नव्हतेच. तुलना चौकोनांशी होती. तुमच्या एका फाइलमध्ये ‘स्ट्रूप परिणाम’ विसंगत वजा सुसंगत असा काढलेला असेल आणि दुसरीत विसंगत वजा तटस्थ (चौकोनांसारखे, ज्यांत रंगाचा शब्द नाही) असा, तर ते दोन आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट. उद्दीपक हा वस्तूचा प्रकार नसतो, ती वस्तूने प्रयोगात बजावलेली भूमिका असते. काजूच्या बोंडूचे चित्र हे चित्र आहे. ते मुलासमोर ठेवून “हे काय?” असे विचारले की ते लक्ष्य होते. त्याच चित्रानंतर दुसरे चित्र येणार असेल आणि पहिल्याने फक्त मनाची तयारी करायची असेल, तर ते पूर्वसूचक होते. ते पडद्याच्या कडेला ठेवून मुलाला मध्ये बघायला सांगितले तर विचलक. उत्तरानंतर शाबासकी म्हणून दाखवले तर ते प्रत्याभरण झाले, ज्याला वर्गात सगळे फीडबॅक म्हणतात. चित्र कुठेच बदललेले नाही. प्रयोगांचे वर्णन करण्यासाठी २०१२ च्या सुमारास टर्नर आणि लेअर्ड यांनी मांडलेली कॉगपीओ ही संज्ञाव्यवस्था याच पायावर उभी आहे: वस्तू वेगळी, तिची उद्दीपक म्हणून भूमिका वेगळी, आणि प्रयोगातली एक स्थिती ओळखायची ती उद्दीपक, सूचना व प्रतिसाद या तिन्हींच्या जोडणीवरून.

स्ट्रूपमध्ये याच्याही एक पायरी खाली उतरावे लागते. तिथे लक्ष्य आणि विचलक एकाच ठिकाणी, एकाच शाईत बसलेले असतात. निळ्या शाईत ‘हिरवा’ लिहिलेले असताना रंग हे लक्ष्य आणि अर्थ हा विचलक. म्हणजे भूमिका द्यायची ती अख्ख्या शब्दाला नव्हे, त्याच्या एकेका गुणाला. सायमन परिणामातही हेच दिसते: उत्तर द्यायचे असते रंगाला, पण ठिपका उजवीकडे आला की उजवे बटण दाबण्याची ओढ आपोआप लागते, आणि जागा हा गुण कामाचा नसूनही काम करतो. तुमच्यापैकी एकीने शब्द लिहिला आणि दुसरीने रंग, ते यामुळेच. दोघींनी एकाच उद्दीपकाचे दोन गुण नोंदवले. दोन्ही हवेत, फक्त दोन रकान्यांत: ‘शब्दाचा अर्थ’ आणि ‘शाईचा रंग’. संबद्ध गुण कोणता, हे तिसऱ्या रकान्यात. फाइलचे नाव चौथ्यात जाईल. ते महत्त्वाचे आहेच, कारण पुढे कुणाला तेच चित्र पुन्हा दाखवायचे असेल तर तोच दुवा उपयोगी पडतो.

फ्लँकरमध्ये आणखी एक बारकावा आहे आणि तो बहुतेक फाइलींतून हरवतो. एरिक्सन दांपत्याच्या १९७४ च्या प्रयोगात एच आणि के या दोन अक्षरांना उत्तराची एक दिशा दिली होती, एस आणि सी यांना दुसरी. मध्ये एच आणि आजूबाजूला के आले तर अक्षरे वेगळी आहेत, पण उत्तर एकच. आजूबाजूला एस आले तर उत्तरही वेगळे. पहिल्या प्रकारात विसंगती फक्त दिसण्यात आहे, दुसऱ्यात ती हाताच्या हालचालीपर्यंत पोचते. ‘विसंगत’ एवढेच लिहिले तर या दोन्ही एकाच पोत्यात जातात. तुम्ही बाण वापरले असतील तर हा प्रश्न येत नाही, डावा बाण म्हणजे डावे बटण, प्रकरण संपले. पण कुणी माशांची चित्रे किंवा मराठी अक्षरे वापरली असतील तर जरूर पाहा.

सूचना हा तिसरा भाग, आणि आपल्याकडे सर्वांत कमी नोंदवला जाणारा. डॉन्डर्स यांनी १८६८ मध्ये प्रतिक्रियाकाळाचे, म्हणजे उद्दीपकापासून उत्तरापर्यंत लागणाऱ्या वेळेचे, तीन प्रकार केले. एक ठरलेला आवाज आला की ठरलेले उत्तर द्यायचे. अनेक आवाजांपैकी जो येईल त्याला त्याचे स्वतःचे उत्तर द्यायचे. आणि अनेक आवाज येतील पण उत्तर फक्त एकालाच द्यायचे, बाकीच्यांना गप्प राहायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात कानावर पडणारे आवाज तेच असू शकतात. फरक पडतो तो कानात जाण्याआधी सांगितलेल्या वाक्याने. ते वाक्य नोंदीत नसेल तर ‘आवाज’ आणि ‘उत्तर’ या दोन रकान्यांवरून प्रयोग ओळखता येणार नाही.

गोव्यात या वाक्याला भाषेचीही बाजू आहे. सूचनापत्रक मराठीत छापलेले असते, पण मूल गोंधळले की आपण सहज कोंकणीत वळतो. आमच्या गटात एक जण “बेगीन दाब” म्हणायची आणि दुसरी “सारकें पळोवन दाब”. दोघींच्या मनात काम एकच होते. मुलांच्या दृष्टीने पहिलीने वेग मागितला होता आणि दुसरीने अचूकता. माणसाला घाई करायला सांगितले की वेळ कमी होतो आणि चुका वाढतात, सावकाश म्हटले की उलटे. त्यामुळे दोन शाळांतला फरक हा प्रयोग घेणाऱ्या दोघींतला फरकही असू शकतो. छापील सूचना जोडाच, पण प्रत्यक्षात तोंडी काय म्हटले तेही लिहा, ज्या भाषेत म्हटले त्या भाषेत.

प्रतिसादाकडे वळू. इथेही तीन थर आहेत: मुलाने केलेली कृती, आपण तिला दिलेला वर्ग, आणि त्या वर्गावर दिलेला निकाल. डावे बटण दाबले, ही कृती. डावे बटण म्हणजे ‘हिरवा’, हा वर्ग. पडद्यावर निळा होता, म्हणून चूक, हा निकाल. निकाल कधीही पुन्हा काढता येतो, कृती एकदाच घडते. म्हणून मूळ फाइलमध्ये कृती असलीच पाहिजे. बरोबर-चूक नंतर सूत्राने भरा. तुमच्यापैकी जिने फक्त बरोबर-चूक ठेवले आहे, तिच्याकडे मूळ बटणांच्या नोंदी अजून आहेत का ते आजच पाहा. सॉफ्टवेअरच्या कच्च्या फाइलींत त्या बहुधा असतात. त्या मिळाल्या तर निम्मे काम झाले.

तोंडी उत्तरे घेतली असतील तर हा भाग फार रंगतो. हिरवा रंग पाहून आपले एक मूल ‘हिरवा’ म्हणते, दुसरे ‘हिरवं’, तिसरे कोंकणीत ‘पाचवो’, चौथे ‘ग्रीन’. पिवळ्याला ‘हळदुवो’ येते, लालला ‘तांबडो’. मी एका शिक्षिकेला ‘पाचवो’ चूक धरताना पाहिले आहे, कारण पत्रकावर ‘हिरवा’ हेच उत्तर छापलेले होते. स्किनर यांचा वर्ग इथे आपल्या अंगणात उतरतो: हिरवा, हिरवी, हिरवं, पाचवो, पाचवें, ग्रीन हा सगळा एक प्रतिसादवर्ग आहे, आणि तो वर्ग प्रयोग सुरू होण्याआधी कागदावर लिहून ठेवायचा असतो. अचूकता मोजायला एवढे पुरते. वेळ मोजायला मात्र पुरत नाही. आवाज उठला की घड्याळ थांबवणारे यंत्र ‘प’सारखा स्फोट चटकन पकडते, ‘ह’चा श्वास मात्र त्याला उशिरा ऐकू येतो. म्हणजे ‘पाचवो’ म्हणणारे मूल ‘हिरवा’ म्हणणाऱ्या मुलापेक्षा चपळ वाटू शकते, आणि त्यात मुलाचा काही संबंध नसतो. म्हणून वर्गाच्या रकान्याशेजारी प्रत्यक्ष उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहा. ध्वनिमुद्रण असेल तर उच्चाराची सुरुवात हाताने तपासा. कंटाळवाणे काम आहे, पण मी ते विद्यार्थ्यांकडून करून घेते आणि स्वतःही करते.

उत्तरच आले नाही, तर? माझ्या मते सर्वांत जास्त नासधूस इथे होते, कारण रिकाम्या जागेत लोक ० टाकून मोकळे होतात. न आलेल्या उत्तराचे निदान चार प्रकार वेगळे ठेवा. उत्तर द्यायचेच नव्हते आणि मूल बरोबर थांबले, हे यश आहे. उत्तर द्यायचे होते आणि मुलाने दिलेच नाही, ही चूक. उत्तर आले, पण ठरलेली मुदत संपल्यावर, हा उशीर. आणि पावसाळ्यात वीज गेली किंवा बटण अडकले, हा यंत्राचा दोष. त्याचा मुलाशी काही संबंध नाही. पहिल्या दोघांना संकेतशोधनाच्या सिद्धांतात ठरलेली नावे आहेत. संकेत होता आणि ओळखला तर ‘हिट’, होता आणि निसटला तर ‘मिस’, नव्हता तरी ओळखल्याचे सांगितले तर ‘फॉल्स अलार्म’, नव्हता आणि नाही म्हटले तर ‘करेक्ट रिजेक्शन’. ही चार नावे जगभर एकाच अर्थाने चालतात, त्यांना हात लावू नका. फक्त लक्षात ठेवा, ही निकालाची नावे आहेत, कृतीची नाहीत. ‘मिस’ आणि ‘करेक्ट रिजेक्शन’ या दोन्हींत मुलाची कृती एकच असू शकते: हात स्थिर.

याच्या उलट टोकाला, नसलेला उद्दीपकही असतो. ठरावीक अंतराने टक, टक, टक असा आवाज येत असताना एक टक गाळला, तर मेंदूच्या विद्युत्-लहरींत त्या रिकाम्या क्षणाला ठळक प्रतिसाद उमटतो. हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. तिथे वस्तू कुठलीच नाही, भूमिका मात्र आहे. ‘ज्ञानेंद्रियावर आदळणारी ऊर्जा म्हणजे उद्दीपक’ ही पाठ्यपुस्तकातली व्याख्या वर्गात ठीक आहे, पण फाइलसाठी ती अपुरी का पडते, ते इथे दिसते. फाइलसाठी मी अशी व्याख्या वापरते: ‘ज्या ठरलेल्या क्षणाशी सहभागी व्यक्तीची कृती किंवा मोजमाप जोडून पाहायचे आहे, त्या क्षणी सादर केलेली किंवा हेतूने गाळलेली गोष्ट, तिच्या भूमिकेसह.’ परिपूर्ण नाही, पण वीस वर्षे उपयोगी पडली आहे.

मग शाळेच्या फाटकाशी पदेर (पाववाला) आला आणि त्याचा पों-पों भोंगा वाजला, तर तो उद्दीपक का? मुलाच्या दृष्टीने अर्थातच. त्याची मान वळते. प्रयोगाच्या दृष्टीने त्याला आपण भूमिका दिलेली नाही. त्याला ‘अनियोजित घटना’ म्हणून वेळेसह वेगळे लिहा. उद्दीपकाच्या रकान्यात घालू नका आणि वगळूही नका. एका शाळेत ठीक सकाळच्या सत्राच्या मध्यावर भोंगा यायचा आणि आमच्या विचित्र लांब वेळा बरोबर तिथे साठलेल्या होत्या. त्या लहानशा नोंदीमुळेच ते कळले.

आता क्षणाबद्दल, कारण ‘सादर केले’ म्हणजे नेमके कधी, हे न ठरवता मिलिसेकंदांत बोलण्याला अर्थ नाही. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल तर एक फेरी सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. संगणकाने “दाखव” म्हटल्याचा क्षण आणि पडद्यावर खरोखर दिसल्याचा क्षण यांत तेवढे, कधी त्याहून जास्त, अंतर पडते. तुमच्या तीन शाळांत तीन वेगळे लॅपटॉप असतील तर पडद्याचा वेग आणि कीबोर्डचा प्रकार लिहाच.

दोन उद्दीपकांमधले अंतर सांगतानाही असाच घोटाळा होतो. लक्ष कुठे जावे हे सुचवणारी सूचक चौकट १०० मिलिसेकंद दिसली, मग ५० मिलिसेकंद पडदा कोरा, मग लक्ष्य. आरंभापासून आरंभापर्यंत मोजले तर अंतर १५०, संपण्यापासून आरंभापर्यंत मोजले तर ५०. पहिल्याला एसओए म्हणतात, दुसऱ्याला आयएसआय, आणि ‘मधला वेळ’ असे मोघम लिहिले तर दोन्ही. अवधानाच्या प्रयोगांत हे अंतर साधेसुधे नसते. पोस्नर आणि कोहेन यांनी १९८४ मध्ये दाखवले की कडेला अचानक चमकलेला सूचक सुरुवातीला त्या जागेवरचे उत्तर जलद करतो, पण आरंभापासूनचे अंतर ३०० मिलिसेकंदांच्या आसपास ओलांडले की त्याच जागेवरचे उत्तर मंदावू लागते. व्याख्येत चूक झाली तर निष्कर्षाची दिशाच उलटी होऊ शकते. प्रतिसादालाही क्षण लागतो: बटण दाबल्याचा की सोडल्याचा? चूक केल्यावर मेंदूत उमटणारी एक खास लहर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडली, ती शून्य क्षण उद्दीपकावर न धरता बटण दाबण्यावर धरला तेव्हा स्पष्ट झाली.

तयार व्यवस्थांबद्दल थोडक्यात सांगते. २०१६ मध्ये मेंदूच्या प्रतिमांच्या नोंदींसाठी बिड्स ही मांडणी आली आणि ती आता नुसत्या वर्तनाच्या प्रयोगांनाही चालते. तिच्या घटनांच्या तक्त्यात आरंभ आणि कालावधी हे दोन रकाने सक्तीचे, दोन्ही सेकंदांत. प्रतिसादाच्या वेळेचा रकाना ऐच्छिक आहे, पण त्याची व्याख्या सुरेख आहे: उत्तर हुकले तर शून्य नाही, ‘एन/ए’ लिहायचे, आणि उद्दीपकाच्या आधीच बटण दाबले गेले तर वेळ ऋण चिन्हाने लिहायची. वर मी चार रिकाम्या जागांबद्दल बोलले, त्यातली निदान एक इथे नियमाने सुटते. एचईडी ही घटनांना खुणा लावण्याची व्यवस्था ज्ञानेंद्रियांना मिळालेली गोष्ट आणि तिची प्रयोगातली भूमिका यांना वेगवेगळ्या खुणा देते; लक्ष्य, विचलक, सूचक या भूमिका तिच्यात तयार आहेत. कॉग्निटिव्ह अ‍ॅटलस प्रयोगांची आणि मानसिक प्रक्रियांची नावे एकमेकांशी जोडते. तुमच्यासाठी माझा सल्ला: सांगाडा बिड्सचा घ्या, भूमिकांची नावे एचईडीमधून घ्या, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत एका वेगळ्या पानावर लिहा. स्वतःची संपूर्ण नवी व्यवस्था रचायला बसू नका. मी एकदा बसले होते, वर्ष गेले.

मराठी शब्दांचे. जुन्या पुस्तकांत तुम्हाला ‘चेतक’ सापडेल आणि ‘उद्दीपक’ही, मी ‘उद्दीपक’ घेते. ‘उद्दीपन’ मात्र वेगळे ठेवा, ती प्रक्रिया आहे, वस्तू किंवा भूमिका नाही. ‘रिस्पॉन्स’ला प्रतिसाद म्हणावे की प्रतिक्रिया, यावर वाद होतो. बोलीत प्रतिसादाला होकाराची छटा आहे, “कार्यक्रमाला चांगला प्रतिसाद मिळाला” असे म्हणतो आपण. आणि प्रतिक्रिया म्हटले की मत डोळ्यांपुढे येते. तरी मी एक सोयीची वाटणी केली आहे: सूचनेनुसार मागितलेली कृती म्हणजे प्रतिसाद, आणि न मागता शरीराने दिलेली, दचकणे, बाहुली विस्फारणे, तळहाताला घाम येणे, ही प्रतिक्रिया. ‘प्रतिक्रियाकाळ’ हा शब्द मात्र इतका रुळला आहे की तो या वाटणीत बसत नसला तरी मोडू नका. फक्त पहिल्या वापराला तळटीप द्या. ‘ट्रायल’ला मी खेप म्हणते, विद्यार्थी ट्रायलच म्हणतात, दोन्ही चालेल. ज्याच्यावर प्रयोग केला त्याला ‘प्रयुक्त’ ऐवजी ‘सहभागी’ लिहा, मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. रकान्यांची नावे देवनागरीत ठेवायची हौस मलाही होती, पण बरीच सॉफ्टवेअरे त्यावर अडखळतात. रकान्याचे नाव प्रमाण मांडणीतले ठेवा आणि अर्थ मराठीत पूर्ण वाक्याने लिहा. व्याख्या वाक्यात असते, नावात नसते.

एक खेप अशा रीतीने लिहिली तर कशी दिसेल, ते सांगते. आरंभ १२.४५० सेकंद; कालावधी १.५ सेकंद, शब्दाचा अर्थ ‘हिरवा’, शाईचा रंग निळा, संबद्ध गुण शाईचा रंग, नाते विसंगत, अपेक्षित वर्ग ‘निळा’, केलेली कृती तोंडी, उच्चार ‘पाचवो’, प्रतिसादवर्ग ‘हिरवा’, वेळ ०.९१२ सेकंद, ध्वनिमुद्रणावरून हाताने तपासलेली, निकाल चूक, अनियोजित घटना नाही, सूचना क्रमांक २, कोंकणीत, वेगावर भर. एवढ्या एका ओळीतून तुमच्या तिघींच्या तिन्ही व्याख्या आपापल्या जागी बसलेल्या दिसतील, आणि या मुलाने शब्द वाचला, रंग सांगितला नाही, तेही दिसेल. आणि बघा, मराठीत लिहिलेला शब्द त्याने कोंकणीत सांगितला. म्हणजे त्याने अक्षरे नुसती उच्चारली नाहीत, अर्थ घेतला. फक्त ‘चूक’ असे लिहिले असते तर ही गोष्ट कायमची गेली असती.

आता लगेच करायचे काम. तिघींनी आपापल्या फाइलमधल्या कोणत्याही वीस खेपा काढा. रकान्यांच्या अर्थाचे पान जोडा आणि त्या दुसरीला द्या, तोंडी काही न सांगता. तिने त्या वीस खेपा कागदावर पुन्हा उभ्या करून दाखवायच्या: पडद्यावर काय होते, मुलाला काय सांगितले होते, मुलाने काय केले. जिथे तिला फोन करून विचारावे लागेल, तो रकाना अजून पुरता लिहिलेला नाही. फोनवर जे सांगाल तेच त्या पानावर लिहा. साखळीची फाइल पेडण्याच्या बाईंनी, पेडण्याची तुम्ही, आणि तुमची साखळीच्या बाईंनी, अशी फिरवा. आणि हे होईपर्यंत सरासऱ्या काढू नका.